कादंबरींतील वीर व दप्तरांतील मनुष्य

१

ऐतिहासिक कादंबरीचें नांव निघालें कीं संशोधकाच्या कपाळास आठी पडावी, असा आपल्या मंडळींतील जुना प्रघात आहे. कागदाच्या एका चिटोऱ्यासाठीं ज्यानें महिनेच्या महिने वाड्यांच्या माळ्यांवर धूळ खाल्ली, त्याच्या निष्कर्षाची वार्ता शंभर माणसांपर्यंतहि पोहोंचत नाहीं. आणि घोडदौड, द्वंद्वयुद्ध, भुयार, वेषांतर व ऐन वेळीं आलेली कुमक यांनीं भरलेली कादंबरी हजारोंच्या हातीं जाते, तिचा चित्रपट झाला म्हणजे तो लाखों लोक पाहतात. तेव्हां ही आठी समजण्यासारखी आहे. परंतु ती न्याय्य आहे कीं नाहीं, हा प्रश्न निराळा. सातारा व सांगली ह्या दोन जिल्ह्यांपुरता तो तपासून पाहावा, आणि साहसप्रधान ऐतिहासिक कादंबरी व तिच्यावरून निघालेले चित्रपट यांच्याशीं संशोधकानें कोणत्या नात्यानें वागावें हें ठरवावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आरंभींच सांगितलेलें बरें कीं, आम्हांस ह्या कादंबऱ्या आवडतात. काळोख्या रात्रीं कड्यावरून दोर खालीं सुटला कीं आमचें चित्त त्या दोरास लागतें, आणि वर चढणारा मावळा सुखरूप तटावर पोहोंचेपर्यंत पुस्तक खालीं ठेववत नाहीं. ज्याला ह्यांत गोडी वाटत नाहीं त्यानें ह्या वाङ्मयावर निकाल देण्याच्या भरीस पडूं नये, असें आमचें मत आहे. कारण ज्या गुणामुळें हीं पुस्तकें लोकांच्या मनांत घर करितात, तो गुणच त्यास दिसत नाहीं.

हेच दोन जिल्हे निवडण्यास कारण आहे. १९४९ सालापर्यंत ह्या प्रदेशाचा मोठा भाग एकाच सातारा जिल्ह्यांत होता. त्या वर्षीं वाळवें, शिराळें, तासगांव, खानापूर इत्यादि तालुके वेगळे काढून व सांगली, मिरज, जत ह्या संस्थानांचा मुलूख त्यांस जोडून दक्षिण सातारा जिल्हा करण्यांत आला, आणि १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचें प्रकाशन ज्या ठिकाणीं जोमानें सुरू झालें त्यांत ह्या प्रदेशाचा मान मोठा आहे. राजवाड्यांचा 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' ह्या मालेंतील पहिला खंड १८९८ सालीं वाईस निघाला. साताऱ्यास दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनीं 'इतिहाससंग्रह' चालविला व ऐतिहासिक वस्तूंचें संग्रहालय उभारलें. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धन सरदारांच्या दप्तरांतील पत्रें 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'च्या रूपानें १८९७ पासून बाहेर काढलीं. आणि ह्याच मातींतून कादंबरीकारहि निघाले. सांगली जिल्ह्यांतील समडोळीस जन्मलेले व साताऱ्याजवळच्या कोरेगांवास राहिलेले नारायण हरि आपटे, खटाव तालुक्यांतील गोरेगांवचे नागनाथ संताराम इनामदार, आणि वाळवें तालुक्यांतील वाटेगांवचे अण्णाभाऊ साठे, ह्या तिघांचीं पुस्तकें महाराष्ट्रानें वाचलीं आणि तिघांच्याहि कथा पडद्यावर गेल्या. दप्तरें व कादंबऱ्या इतक्या जवळ जवळ पिकल्या असतां त्यांच्यांतील भाऊबंदकीचा निवाडा येथेंच व्हावा हें योग्य.

२

निवाड्यासाठीं एखादें प्रमाण पाहिजे. तें आम्ही संस्कृत साहित्यशास्त्रांतून घेतों, कारण हा प्रश्न त्या शास्त्रास नवा नाहीं. आपण जिला कादंबरी म्हणतों तिचें नांवच मुळीं बाणभट्टाच्या ग्रंथावरून आलें आहे, हें वाचकांस विदित आहे. त्याच बाणानें 'हर्षचरित' हा दुसरा गद्य ग्रंथ लिहिला. प्राचीन शास्त्रकार पहिलीला कथा व दुसरीला आख्यायिका म्हणत. अमरसिंहाच्या कोशांत हा भेद असा सांगितला आहे कीं, जिचा विषय आधींच ठाऊक असतो ती आख्यायिका व जिची रचना कल्पनेची असते ती कथा. भामहानें हा भेद मानला; दंडीनें मात्र तो मोडीत काढला व दोन्ही एकाच जातीचीं दोन नांवें आहेत असें सांगितलें. आज जिला आपण ऐतिहासिक कादंबरी म्हणतों ती ह्या वादाच्या नेमकी मध्यावर उभी आहे. तिचा नायक व शेवट हे ठाऊक असतात, म्हणजे ती आख्यायिका. परंतु मधला सर्व मार्ग कल्पनेनें आंखलेला असतो, म्हणजे ती कथा.

ह्याहून उपयोगाचें वचन आनंदवर्धनाचें आहे. 'ध्वन्यालोकां'त तो म्हणतो त्याचा आशय असा कीं, इतिहासांतून घेतलेल्या कथेंत रसाला प्रतिकूल असा कांहीं भाग असल्यास कवीनें तो खुशाल टाकावा व अनुकूल असें नवें रचावें. जसें घडलें तसें सांगण्याचें काम कवीचें नसून तें इतिहासाकडून होतच असतें. कालिदासानें महाभारतांतील दुष्यंताच्या विस्मरणास दुर्वासाच्या शापाचें कारण जोडलें तें ह्याच अधिकारानें. म्हणजे कादंबरीकारास सनद हजार वर्षांपूर्वीं मिळालेली आहे. परंतु त्या सनदेंत एक अट गर्भित आहे, तिच्याकडे दुर्लक्ष होतें. 'तें काम इतिहासाकडून होतच असतें' हें गृहीत धरूनच आनंदवर्धन कवीस मोकळीक देतो. इतिहासानें आपलें काम केलें नाहीं, किंवा केलेलें लोकांपर्यंत नेलें नाहीं, तर कवीचें वचन हाच इतिहास होऊन बसतो. आणि मग दोष कवीचा कीं इतिहासकाराचा, हें विचारणें प्राप्त होतें.

मिरजेच्या खरेशास्त्र्यांनीं ही अट पाळून दाखविली. ते मिरजेच्या हायस्कुलांत संस्कृतचे शिक्षक होते. त्यांनीं 'यशवंतराव' हें महाकाव्य व 'गुणोत्कर्ष', 'तारामंडळ' यांसारखीं नाटकें लिहिलीं, आणि त्याच हातानें पटवर्धनी पत्रांचे खंड छापले. नाटकाच्या रंगाचा थेंब त्यांनीं पत्रांवर पडूं दिला नाहीं. एकाच घरांत दोन वह्या ठेवाव्या, एकींत रसाचा हिशेब व दुसरींत पुराव्याचा, आणि एकीची रक्कम दुसरींत खतावूं नये, ही त्यांची रीत. आतां तीन कादंबऱ्या व त्यांचे चित्रपट ह्या रीतीनें तपासूं.

३

पहिलें उदाहरण सिंहगडाचें. हा गड पुणें जिल्ह्यांतला. पण तान्हाजी मालुसऱ्यांचें मूळ गांव पांचगणीजवळचें गोडवली, अशी परंपरा साताऱ्याकडे सांगितली जाते, आणि शेलारमामाची नक्कल करीत लांकडी तलवारी फिरविणारीं मुलें ह्या जिल्ह्यांत कोणत्याहि गांवीं दिसतात. गुंजीकरांच्या 'मोचनगडा'नें १८७१ सालीं मराठींत ऐतिहासिक कादंबरीचा पाया घातला, आणि हरि नारायण आपट्यांनीं तिला प्रौढपण आणलें. त्यांच्या 'गड आला पण सिंह गेला' ह्या कादंबरीवरून बाबुराव पेंटर यांनीं कोल्हापुरास १९२३ सालीं 'सिंहगड' हा मूकपट काढला. रात्रीचीं दृश्यें विजेच्या दिव्यांवर घेण्याचा आपल्याकडील पहिला मोठा प्रयत्न म्हणून त्याची ख्याति आहे. शेलारमामाचें काम त्यांत शांताराम यांनीं केलें, आणि त्यांनींच पुढें १९३३ सालीं प्रभात कंपनीकडून 'सिंहगड' बोलपट केला. त्याच प्रसंगावर २०२० सालीं 'तान्हाजी' हा हिंदी चित्रपट निघाला व तो देशभर पाहिला गेला. शंभर वर्षांत एकाच रात्रीची हकीकत तीनदां पडद्यावर आली, आणि प्रत्येक वेळीं तिच्यांत भर पडली.

आतां साधनें काय म्हणतात तें पाहूं. कृष्णाजी अनंत सभासद यानें राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत जिंजीस लिहिलेली बखर ही ह्या प्रसंगाच्या सर्वांत जवळची. त्या बखरींत निवडक मावळे घेऊन तान्हाजी कडा चढला, उदेभान रजपुताशीं त्याची गांठ पडली, दोघेहि ठार झाले, आणि भाऊ सूर्याजी यानें गड हातीं आणला, इतकें आहे. तींत घोरपड नाहीं. ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यांतून आली. कादंबरींतील कमलकुमारी सभासदास ठाऊक नाहीं. गडाचें सिंहगड हें नांव तान्हाजीच्या मरणावरून पडलें ही समजूत तर कादंबरीच्या नांवानेंच घट्ट केली. परंतु हा प्रसंग १६७० सालच्या फेब्रुवारींतला असून १६६३ सालच्या शिवाजी महाराजांच्या पत्रांतच गडास सिंहगड म्हटलेलें आढळतें.

शिक्षकाच्या धंद्यांत आम्हांस हा अनुभव अनेकदां आला कीं, घोरपडीची गोष्ट खरी नाहीं असें वर्गांत सांगितलें म्हणजे मुलांचीं तोंडें उतरतात. जणूं तान्हाजीचें शौर्यच आपण काढून घेतलें. पण पुढें सभासदाची हकीकत समजावून दिली आणि दोराशिवाय, घोरपडीशिवाय, हाताच्या बोटांनीं व पायाच्या आंगठ्यांनीं तो कडा चढून जाणें म्हणजे काय, हें फळ्यावर कड्याची आकृति काढून दाखविलें, कीं त्यांचे डोळे पुन्हां चमकूं लागतात. ह्यावरून आम्ही असा निष्कर्ष काढतों कीं, साधनांतील साहस कादंबरींतील साहसाहून फिकें नसतें. तें सांगण्याची कला मात्र संशोधकांनीं कादंबरीकारांस देऊन टाकली आहे.

ह्याचा दाखला साताऱ्याच्या डोक्यावरच उभा आहे. नारायण हरि आपट्यांनीं 'अजिंक्यतारा' ही कादंबरी ह्या किल्ल्याच्या नांवानें लिहिली. तो किल्ला औरंगजेबानें १६९९ सालच्या डिसेंबरांत वेढला, तेव्हां किल्लेदार प्रयागजी प्रभु होते. १७०० सालच्या एप्रिलांत मोगलांनीं सुरुंग उडविले. पहिल्या सुरुंगानें तट आंत कोसळून लढणारे पुष्कळ लोक गाडले गेले; त्या ढिगाऱ्याखालीं स्वतः प्रयागजीहि सांपडले होते, ते पुढें जिवंत उकरून काढण्यांत आले. दुसऱ्या सुरुंगानें तटाचा भाग बाहेरच्या बाजूस उडून हल्ल्यासाठीं टपून बसलेल्या मोगलांचाच मोठा संहार झाला. त्यानंतर कांहीं दिवसांनीं किल्ला तहानें मोगलांच्या स्वाधीन झाला व त्याचें नांव आझमतारा झालें. पुढें तो मराठ्यांनीं परत घेतला आणि अजिंक्यतारा हें नांव रूढ झालें. साताऱ्यास रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफनें ही हकीकत १८२६ सालच्या आपल्या इतिहासांत नमूद केली आहे. भवानीच्या देवळाजवळ ढिगाऱ्यांतून जिवंत निघालेला किल्लेदार कोणा कादंबरीकारानें कल्पिला असता तर आपणच त्यास अतिशयोक्तीचा दोष दिला असता.

४

दुसरें उदाहरण 'राऊ'चें. येथें प्रकार उलटा आहे. सिंहगडाविषयीं कागद थोडे. थोरल्या बाजीरावांविषयीं दप्तरें भरलेलीं. सरदेसायांनीं 'पेशवे दप्तरां'तील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० पासून पुढील चार-पांच वर्षांत प्रसिद्ध केले आणि बाजीरावांच्या स्वाऱ्यांपासून घरच्या कलहापर्यंत सर्व कांहीं उघड्यावर आलें. इनामदारांनीं ह्या कागदांचें परिश्रमपूर्वक वाचन केलें होतें. 'झेप'मध्यें त्रिंबकजी डेंगळे, 'झुंज'मध्यें यशवंतराव होळकर व 'मंत्रावेगळा'मध्यें दुसरे बाजीराव, असे इतिहासानें ज्यांस बहुधा दूषणच दिलें ते पुरुष त्यांनीं नायक म्हणून उभे केले, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. कागद वाचून जें मत बनलें तें त्यांनीं कथेच्या रूपानें मांडलें. 'राऊ' १९७२ सालीं आली.

बाजीरावांची कथा आपल्या विषयाच्या केंद्रस्थानीं येण्याचें आणखी एक कारण आहे. ते ज्यांचे पेशवे, त्या शाहू छत्रपतींची गादी साताऱ्यास होती. मस्तानीच्या प्रकरणीं पुण्यास घरची मंडळी कठोर झालीं असतां बाजीरावांचें मन मोडूं नये असा महाराजांचा कल साताऱ्याहून कळविण्यांत आला, हें सरदेसायांनीं पत्राच्या आधारें दाखविलें आहे. ह्या एका पत्रांत केवढें नाट्य आहे! एका बाजूस आई, भाऊ व मुलगा. दुसऱ्या बाजूस उत्तरेंत डंका वाजविणारा सेनानी. आणि मध्यें साताऱ्याचा तो समजूतदार, सौम्य धनी. २८ एप्रिल १७४० रोजीं नर्मदातीरीं रावेरखेडी येथें बाजीराव वारले व त्याच वर्षीं मस्तानीचाहि अंत झाला.

'राऊ'वरून २०१५ सालीं 'बाजीराव मस्तानी' हा हिंदी चित्रपट निघाला. त्यांत काशीबाई व मस्तानी एकत्र नाचतात. ह्या गीतावर पेशव्यांच्या वंशजांनींहि आक्षेप घेतला व पुष्कळ गवगवा झाला. समकालीन कागदांत ह्या नाचास आधार नाहीं. तथापि आमचा आक्षेप निराळ्या ठिकाणीं आहे. आनंदवर्धनाच्या दृष्टीनें नाच ही रसानुकूल कल्पना म्हणून सोडून देतां येईल. कोणाहि शहाण्या प्रेक्षकास ती कल्पना आहे हें कळतें. परंतु चित्रपटाच्या झगमगाटांत साताऱ्याचा दरबार ही केवळ एक शोभेची बैठक होऊन जाते, आणि पेशवा हा नोकर, छत्रपति हा धनी, व त्या दोहोंमधील विश्वासावर मराठ्यांचें राज्य उत्तरेस पसरलें, ही गोष्ट पुसट होते. नाचापेक्षां ही हानि मोठी आहे, कारण ती प्रेक्षकाच्या ध्यानांत येत नाहीं. जी भर घातली ती दिसते. जें गाळलें तें दिसत नाहीं. म्हणून चित्रपट तपासतांना त्यांत काय खोटें आहे एवढेंच न विचारतां त्यांत काय आलें नाहीं हें संशोधकानें आधीं विचारावें.

दुसऱ्या देशांतहि असेंच झालें आहे. फ्रेंच कादंबरीकार दुमा याच्या 'थ्री मस्केटिअर्स' ह्या १८४४ सालच्या जगप्रसिद्ध साहसकथेंतला दार्तान्यां हा खरा सैनिक होता. तो १६७३ सालीं मास्ट्रिक्टच्या वेढ्यांत पडला. दुमानें त्याची हकीकत घेतली ती मात्र त्याच्या नांवावर दुसऱ्यानेंच लिहिलेल्या बनावट आठवणींच्या पुस्तकावरून. पुढें १९२१ सालीं डग्लस फेअरबँक्सनें ती अमेरिकेंत पडद्यावर आणली. आणि आपल्याकडे मास्टर विठ्ठलला 'हिंदी फेअरबँक्स' म्हणण्यापर्यंत त्या तलवारबाजीचा लौकिक झाला. खरा सैनिक, त्यावर बनावट बखर, तिच्यावर कादंबरी, आणि कादंबरीवर चित्रपट, अशा चार थरांखालीं मनुष्य दडतो. तेथील संशोधकांनीं दुमाला शिव्या दिल्या नाहींत. त्यांनीं थर एकामागून एक उचलून खालचा मनुष्य दाखविला, आणि दुमाचे वाचक त्यांचेहि वाचक झाले.

५

येथवर आम्ही असें गृहीत धरलें कीं, दप्तर हें सत्याच्या बाजूस व कादंबरी ही कल्पनेच्या बाजूस असते. तिसरें उदाहरण हें गृहीतच डळमळीत करितें, आणि प्रस्तुत लेख लिहिण्यास खरें कारण तेंच झालें.

अण्णाभाऊ साठे हे १ ऑगस्ट १९२० रोजीं वाटेगांवीं मातंग कुळांत जन्मले. शाळेचें शिक्षण त्यांस लाभलें नाहीं. त्यांची 'फकिरा' ही कादंबरी १९५९ सालीं प्रसिद्ध झाली. तिला प्रस्तावना सांगलीचेच सुपुत्र वि. स. खांडेकर यांची आहे, आणि अर्पणपत्रिका डॉक्टर आंबेडकरांच्या लेखणीस उद्देशून आहे. १९६१ सालीं तिला राज्य सरकारचें पारितोषिक मिळालें व १९६३ सालीं तिचा चित्रपट झाला. त्यांची 'वारणेचा वाघ' ही सत्तू भोसल्याची कथाहि १९७० सालीं पडद्यावर आली.

'फकिरा'मध्यें साहसकथेचीं सर्व लक्षणें आहेत. गांवाच्या मानासाठीं शिगांवची जोगीण हिसकावून आणणारा व त्यापायीं प्राण देणारा राणोजी. बापाची तलवार हातीं घेणारा फकिरा. दुष्काळांत उपाशी मरणाऱ्या आपल्या लोकांसाठीं धान्य व पुढें सरकारी खजिना लुटणारी टोळी. वारणेच्या खोऱ्यांतील पाठलाग. आणि शेवटीं, सरकारनें आपल्या माणसांस कोंडून ठेविलें आहे हें कळल्यावर त्यांच्या सुटकेसाठीं आपण होऊन स्वाधीन झालेला नायक. ही कथा वाचतांना आमच्या मनाची तीच स्थिति होते जी सिंहगडाच्या कड्यावर होते.

आतां संशोधक येथें काय करणार? त्यानें दप्तर उघडलें तर त्यांत काय सांपडेल? १८७१ सालीं इंग्रज सरकारनें 'गुन्हेगार जमाती'चा कायदा केला आणि १९११ सालच्या कायद्यानें त्याचा विस्तार केला. ज्या जमातीस तो लावला जाई तिच्यांतील मनुष्याचें नांव पटावर चढे, त्यास हजेरी द्यावी लागे, व गांव सोडण्यास परवानगी लागे. गुन्हा सिद्ध होण्याची आवश्यकता नव्हती, जन्म पुरेसा होता. हा कायदा देशभर पूर्णपणें रद्द होण्यास १९५२ साल उजाडलें. अशा राजवटींत जो कागद निर्माण झाला त्यांत फकिरासारख्या मनुष्याची नोंद 'दरोडेखोर' ह्याखेरीज दुसऱ्या कोणत्या शब्दानें होणार? कागद खोटा नाहीं. खजिना लुटला गेला, हें कादंबरीहि सांगतेच. परंतु दुष्काळांत त्या वस्तींत किती चुली पेटल्या नव्हत्या, ह्याचा रकाना पोलिसांच्या पटावर नव्हता.

इंग्लंडांतील रॉबिन हूड हा ह्याच जातीचा वीर. त्याच्या नांवाचीं गीतें शतकानुशतकें गाइलीं गेलीं व पुढें त्याचे चित्रपटहि निघाले. सरकारी दप्तरांत मात्र १२२६ सालच्या यॉर्ककडील हिशेबांत रॉबर्ट हॉड नांवाच्या एका फरारी मनुष्याच्या जप्त मालाची ३२ शिलिंग ६ पेन्स ही रक्कम तेवढी आढळते. तो हाच कीं दुसरा कोणी, हें सिद्ध झालेलें नाहीं. परंतु राजसत्तेच्या वहींत बंडखोर कसा उमटतो त्याचा हा नमुना आहे: नांव, 'फरारी' हा शब्द, आणि जप्तीचा आंकडा.

फकिराचें तसें नाहीं. अण्णाभाऊंचा त्याच्याशीं नात्याचा संबंध होता असें परंपरा सांगते, आणि अण्णाभाऊंच्या जन्माच्या वेळीं फकिरानें बाळंतिणीसाठीं ओंजळभर रुपये दिल्याची आठवणहि सांगितली जाते. म्हणजे कादंबरीकार येथें साधनांपासून तीनशें वर्षें दूर बसलेला कवि नाहीं. ज्या वस्तींत ही स्मृति जिवंत होती त्या वस्तींतलाच तो आहे. त्याच्या कथेस बखरीचा दर्जा आहे, आणि बखर जशी वाचावी तशी ती वाचली पाहिजे. बखरकार पक्षपाती असतो, प्रसंग वाढवितो, संवाद रचतो, सनावळींत चुकतो. तरीहि आपण सभासदाची बखर फेंकून देत नाहीं. तिला प्रश्न विचारतों, दुसऱ्या साधनाशीं ताडून पाहतों, आणि जें टिकतें तें घेतों. जो न्याय सभासदास, तोच वाटेगांवच्या शाहिरास. एकाची लेखणी दरबाराची व दुसऱ्याची मांगवाड्याची, एवढ्यावरून प्रमाणाचें माप बदलूं नये.

कल्हणानें इतिहास लिहिणाऱ्यानें राग व द्वेष दूर ठेवून न्यायाधीशासारखें बोलावें असें म्हटलें आहे. न्यायाधीशासमोर एकाच पक्षाचे कागद आले असतां तो दुसऱ्या पक्षाचे साक्षीदार बोलावितो. 'फकिरा' ही त्या दुसऱ्या पक्षाची साक्ष आहे. ती साक्ष अलंकृत आहे म्हणून उलटतपासणी करावी. पण साक्षीदारास दाराबाहेर उभा ठेवून निकाल देऊं नये.

६

वरील तीन उदाहरणांवरून आमचें मत थोडक्यांत सांगतों. जेथें साधनें थोडीं व दंतकथा फार, तेथें संशोधकानें दंतकथेचा उगम दाखवावा आणि साधनांतलें साहस तितक्याच ओघवत्या भाषेंत लोकांपुढें ठेवावें. जेथें साधनें विपुल, तेथें कादंबरीनें व चित्रपटानें काय घातलें ह्यापेक्षां काय गाळलें ह्याकडे लक्ष द्यावें. आणि जेथें कागद एकाच पक्षाच्या हातचे, तेथें कादंबरीस साक्षीदार मानून तिची तपासणी करावी. तिन्ही ठिकाणीं वाचकाचा आनंद हिरावून घेण्याचें कारण नाहीं. आनंद ही त्याची जिज्ञासेची पहिली पायरी आहे. चित्रपट पाहून आलेला मुलगा गडावर जातो, गडावर गेलेला मुलगा कधीं तरी विचारतो कीं हें खरोखर कसें झालें. त्या प्रश्नाच्या वेळीं आपण तेथें असलों पाहिजे.

ह्यासाठीं दोन कामें हातीं घेण्यासारखीं आहेत. पहिलें असें कीं, ज्या ऐतिहासिक कादंबऱ्या व चित्रपट लोकप्रिय आहेत त्यांपैकीं एकेकावर दहा-बारा पानांची लहान पुस्तिका तयार करावी: प्रसंग कोणता, त्याला साधन कोणतें, कोठें कल्पना आहे, काय सुटलें आहे. ती सोप्या भाषेंत असावी व खेडेगांवच्या वाचनालयांत आणि शाळांत कादंबरीच्या शेजारींच ठेवावी. दुसरें काम अधिक तांतडीचें आहे. वाळवें व शिराळें तालुक्यांत, वारणेच्या दोन्ही कांठांस, फकिराच्या व सत्तू भोसल्याच्या काळच्या गोष्टी आजोबा-आज्जींकडून ऐकलेलीं माणसें आतां अगदीं वृद्ध झालीं आहेत. त्यांच्या तोंडच्या हकीकती, वस्त्यावस्त्यांतील गाणीं व पोवाडे, जोगिणीच्या चालीविषयींच्या आठवणी, ह्या कादंबरीच्या वाचनानें व चित्रपटाच्या दर्शनानें रंगल्या असणार. तरीहि त्या उतरून घेतल्या पाहिजेत, आणि सांगणारानें कादंबरी वाचली आहे काय, चित्रपट पाहिला आहे काय, हेंहि प्रत्येक हकीकतीच्या माथ्यावर लिहून ठेविलें पाहिजे. त्यांच्या जोडीस त्या काळचे पोलिसांचे व तुरुंगांचे जे कागद उपलब्ध होतील ते लावावे. कागद थांबतात, माणसें थांबत नाहींत.

वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं अथवा गांवीं अशी एखादी हकीकत, गाणें, जुनें पत्र, किंवा यात्रेंतील तंबूंत दाखविलेल्या जुन्या चित्रपटांचीं जाहिरातीचीं पानें असतील, त्यांनीं तीं त्रैमासिकाकडे पाठवावीं, अशी आमची विनंति आहे. मूळ वस्तु पाठविण्याचें कारण नाहीं. स्वच्छ नक्कल, गांवाचें नांव, आणि ती कोणाकडून कोणाकडे कशी आली ह्याची दोन ओळींची नोंद असली म्हणजे पुरे.